सातवा रकाना

मार्चअखेर खात्याची पोरगी आली, सकाळच्या फेरीबोटीने,
घोटाभर चिखलातून, कापडी बूट घालून.
मी आर्वोचे गमबूट पुढे सरकवले.
तीन नंबर मोठे. तिने निमूट घातले.
नाव म्हणे मारेत. काखेत तक्ता,
खिशात पिवळे बिल्ले, कानातून पडलेल्यांच्या जागी नवे लावायला.

मेंढ्या किती?
चार.
शेळ्या?
दोन. आणि एक बोकड, जो स्वतःला बोकड समजत नाही.
म्हणजे तीन.
बरं, तीन लिही.

गोठ्यात वाफ होती, आणि भुर्जाच्या डहाळ्यांचा वास.
जूनमध्ये पानांसकट पेंड्या बांधून ठेवते मी,
हिवाळाभर मेंढ्या त्या ओठांनी सोलतात,
आई रविवारी मासा सोलायची तशा,
काटा तेवढा मागे.

कोपऱ्यात सिल्वी. चौदा वर्षांची.
पुढचे दात गेलेत, ओट कोमट पाण्यात भिजवून द्यावे लागतात.
इतकी म्हातारी कशाला ठेवलीय
असं मारेतने विचारलं नाही,
पण पेन थांबलं.
मी माझी वरची कवळी काढून दाखवली.
पेन पुन्हा चालू झालं.

मग सातवा रकाना: पाळण्याचा उद्देश.
मांस, दूध, लोकर, पैदास.
एकावर खूण करा.

मांस नाही. शेजारचा काल्यू दर नाताळला विचारून जातो,
दर नाताळला मी त्याला राईचा पाव देते
आणि दार लावून घेते.
दूध तीन वर्षांपूर्वी आटलं.
लोकर निघते, हो. दोन पोती माळ्यावर आहेत,
उंदरांच्या तीन पिढ्या तिथे सुखाने नांदल्या.
पैदास म्हणशील तर तो ऊकु बघ,
खच्ची केलेला, सौनाच्या छपरावर उभा.
दिवसभर समुद्राकडे बघतो.
बोटीचं वेळापत्रक त्याला माझ्यापेक्षा पाठ.

यातलं एकही नाही, मी म्हटलं.
रिकामं ठेवलं तर संगणक पुढे जात नाही, ती म्हणाली.

तेवढ्यात तूती आली तिच्या कोटाचं बटण चाखायला.
हे काय, मारेतने विचारलं,
आणि तूतीच्या गळ्याखालची दोन लोलकं
बोटांत धरली.
दिसतात आचळांसारखी. दूध नाही त्यांत.
घंटेसारखी लोंबतात, पण वाजत नाहीत.
कशासाठी असतात?
कशासाठीच नाही. अजागळ, नुसतं.
शब्द तोंडातून गेला आणि लक्षात आलं,
नोव्हेंबरपासून मीही तशीच लोंबतेय या घराला,
केस न विंचरता, त्याचा स्वेटर उलटा घालून.

गरम आहेत, ती म्हणाली.
आणि बराच वेळ सोडली नाहीत.

आर्वोने पहिली दोन कोकरं आणली ती गाडीच्या मागच्या सीटवर,
पट्टा लावून.
मी दारातच विचारलं होतं, ही कशाला?
गवत कापायला, तो म्हणाला.
कानाच्या पाळ्या लाल. खोटं बोलला की व्हायच्या.
त्या वर्षी नवं कापणीयंत्र शेडमध्ये होतं,
अजून आहे, खोक्यात.

गवत, मी मारेतला सांगितलं. गवतासाठी ठेवल्यात.
तिने यादी खालपर्यंत चाळली, तिचा चेहरा उजळला.
"पारंपरिक कुरणांचे संवर्धन," तिने वाचून दाखवलं.
आम्ही दोघी हसलो. सिल्वी शिंकली.

चारच्या बोटीने गेली, गडबडीत, गमबुटांसकटच.
तिचे कापडी बूट माझ्या शेगडीपाशी वाळतायत,
नाकं पुढे करून, पाहुण्यांसारखे.
येईल न्यायला. नाही आली तर
ऊकु एखादा खाईलच.

रात्री कंदील न घेता गेले कडी घालायला.
अंधारात सगळीकडून रवंथ.
हाताने मोजल्या: पाठ, पाठ, शिंग, पाठ, ओलं नाक,
पुन्हा शिंग, आणि शेवटी सिल्वीचा कान.
बिल्ला गार.
कान कोमट.